पट्टीचा पोहणारा समुद्रात का दमतो?

प्रश्न : मुलगा पंचगंगेत पुराच्या पाण्यातही पोहतो. दिवाळीच्या सुट्टीत मित्रांबरोबर गणपतीपुळ्याला निघालाय. ‘मला काय होतंय?’ म्हणतो. आमची काळजी उगाच आहे का? (कसबा बावडा)

उत्तर : उगाच नाही. गणपतीपुळ्याचा किनारा उताराचा आहे. चार पावलांत गुडघाभर पाणी छातीला लागतं, आणि परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते. त्यात रिप करंटची भर. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी वाळूच्या दांड्यामधल्या खिंडीतून जोरात मागे फिरतं, तोच हा प्रवाह. त्याचा वेग कधी सेकंदाला दोन मीटरच्याही वर जातो. त्याच्या विरुद्ध ऑलिंपिकचा जलतरणपटूही टिकणार नाही.

फसगत होते ती दिसण्यामुळे. दोन्ही बाजूंना लाटा पांढऱ्या फुटतात आणि मध्ये एक गडद, शांत पट्टा दिसतो. पोरं नेमकी तिथेच उतरतात, कारण तिथे लाट अंगावर येत नाही. ओढ तिथेच असते.

मुलाला त्याच्याच नदीच्या भाषेत सांगा. पुरात तो धारेच्या उलट पोहत नाही, धार आडवी कापत काठ धरतो. समुद्रातही तेच करायचं. फरक एवढाच की नदीची धार काठाच्या बाजूने वाहते आणि ही धार काठापासून लांब नेते. म्हणून माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे तोंड करतो, हातपाय मारतो आणि दमतो. बुडण्याचं कारण हे दमणं आहे. रिप करंट खाली खेचत नाही, फक्त आत नेतो, आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे बहुतेकदा विरतो. तेव्हा आधी पाठीवर तरंगायचं, एक हात वर करून हलवायचा, मग किनाऱ्याला समांतर पोहायचं. ओढ संपली की फुटणाऱ्या लाटांबरोबर तिरकं आत यायचं.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या झेंड्यांचा अर्थ काय? (गडहिंग्लज)

उत्तर : अर्धा लाल-अर्धा पिवळा असे दोन झेंडे रोवलेले असतील, तर त्यांच्या मधल्या पट्ट्यावर जीवरक्षकाची नजर असते. पोहायचं तिथेच. नुसता लाल म्हणजे पाण्यात उतरू नका. दोन लाल म्हणजे किनारा पोहण्यासाठी बंद. काळे-पांढरे चौकोन असलेला झेंडा सर्फबोर्डवाल्यांसाठी असतो. झेंडाच दिसला नाही तर ‘इथे धोका नाही’ असं समजू नका, कदाचित तिथे जीवरक्षकच नसेल. गोव्यात प्रमुख किनाऱ्यांवर 2008 पासून संघटित जीवरक्षक सेवा आहे. आपल्या कोकणात मात्र गावागणिक व्यवस्था वेगळी. पोचल्याबरोबर जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतो ते विचारून घ्या. तो गेल्यावर पाण्यात जाऊ नका, सूर्यास्ताचा फोटो वाळूवरूनही छान येतो.

प्रश्न : भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची? (कागल)

उत्तर : कोकणात जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. हा अंदाज आहे, पक्की वेळ स्थानिक मच्छीमाराला विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाण्याची ये-जा सर्वांत जोराची. ओहोटी लागली की ओढ वाढते, आणि उताराच्या किनाऱ्यावर भरतीची लाट पायाशीच आदळते. त्यामुळे वेळ पाहूनही कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये.

प्रश्न : मुलांना पोहायला शिकवताना वापरतो ती हवेची ट्यूब न्यावी का? (इचलकरंजी)

उत्तर : नको. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि हलकी ट्यूब मुलासकट आत जाते.

प्रश्न : कुणी बुडताना दिसलं तर? (शाहूपुरी)

उत्तर : मागोमाग उडी टाकू नका. एकाला वाचवायला गेलेले दुसरे-तिसरेही बुडतात ते यामुळेच. जीवरक्षकाला हाक मारा. दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन फेका आणि त्या माणसावरची नजर हटू देऊ नका. कुणाला तरी 112 किंवा तटरक्षक दलाच्या 1554 वर फोन करायला लावा, रुग्णवाहिकेसाठी 108.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढू नका, उलटं टांगू नका. पोटातलं पाणी वर येऊन श्वासनलिकेत जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. श्वास नसेल तर उताणं झोपवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी 30 दाब, दोन श्वास, पुन्हा 30 दाब. मोठ्या माणसाला दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला, चालू-बोलू लागला तरी दवाखान्यात न्याच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.