रंगीत कड्या परत जुळत नाहीत, चेन चुकली का?

प्रश्न: चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घरीच खोललंय. टायमिंग चेनच्या (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या साखळीच्या) रंगीत कड्या खुणांवर नीट बसवल्या, पण क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) दोन फेरे फिरवला तर कड्या भलतीकडेच! परत काढू का?

उत्तर: अहो, थांबा जरा. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक, त्यामुळे स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) खुणा जागेवर येतात, पण चेनचा फेरा वेगळा पडतो आणि रंगीत कड्या बऱ्याच फेऱ्यांनी जुळतात, त्या फक्त चढवण्यापुरत्याच. पहिला पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, आणून स्प्रॉकेटच्याच खुणा बघा, त्या जुळल्या तर काम झालं. टेन्शनरची (चेन ताणून धरणाऱ्या भागाची) अडकवलेली पिन काढलीत ना? राहिली तर चेन ढिली पडून दात सुटतो आणि स्टार्टर मारला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. क्रँक पान्यानेच फिरवा, अडकला तर जोर लावू नका.