सुतारकाम : तुमचे प्रश्न

प्रश्न : मी रंधा, पटाशी आणि हातकरवत एवढ्यावरच काम करतो. रंधा मारला की माझं लोखंडी पायांचं टेबल पुढे सरकतं. आता कठीण लाकडाचं वर्कबेंच करायचं ठरवलंय. एका ओळखीच्यांनी उंची ३६ इंच ठेवायला सांगितली. ती बरोबर आहे का? वरचा भाग एकसंध हवा की चिकटवलेला? सागवान चालेल का?

३६ इंच विसरा. ती उंची यंत्रावर रंधलेलं लाकूड जुळवणाऱ्यांची. रंधा मारताना जोर पायांतून आणि कमरेतून यायला हवा, आणि बेंच उंच असेल तर सगळा भार कोपरांवर येतो. कामाच्या चपला घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाची घडी जिथे येईल ती बेंचची उंची. साडेपाच फुटांच्या माणसाला हे साधारण ८० सेंटिमीटर भरतं. बारीक सांधे कापताना एवढ्या उंचीवर पाठ वाकते, हे खरं. त्यासाठी वर ठेवायचा वीतभर उंचीचा जड ठोकळा वेगळा करा, बेंच उंच करू नका.

टेबल सरकतं याचं कारण कमी वजन. हातानं काम करणाऱ्याचं बेंच आडवा धक्का खातं, दिवसभर. म्हणून वरचा भाग ७५ ते १०० मिलिमीटर जाड आणि पाय चारी बाजूंनी १० सेंटिमीटरच्या आसपास जाडीचे ठेवा. रुंदी मात्र ५५-६० सेंटिमीटर पुरे. त्याहून रुंद बेंचच्या मागच्या बाजूला फक्त भुसा आणि विसरलेली हत्यारं जमतात.

एवढ्या जाडीची एकसंध फळी आतपर्यंत वाळलेली मिळणं अवघड, म्हणून चिकटवलेलीच करा. जाड फळ्या उभ्या चिरून पट्ट्या काढा आणि प्रत्येक पट्टी कडेवर उभी करून शेजारच्या पट्टीला चिकटवा. साध्या चिरलेल्या फळीची पट्टी अशी फिरवली की वाढीची वर्तुळं पृष्ठभागाशी जवळजवळ काटकोनात येतात, आणि मग बेंचच्या रुंदीत लाकूड बरंच कमी फुगतं. चिकटवण्याआधी प्रत्येक पट्टीवर लाकडाच्या रेषांच्या दिशेचा बाण खडूनं काढा आणि सगळे बाण एकाच बाजूला ठेवा. हे टाळलंत तर पुढे बेंच सपाट करताना रंधा एका पट्टीवर गुळगुळीत जाईल आणि शेजारचीचे ढलपे उपटेल.

सागवान? चालेल, पण मी ते कपाटासाठी राखून ठेवीन. त्यातल्या सिलिकामुळे धार लवकर जाते, आणि तेलकटपणामुळे सरस नीट धरत नाही. चिकटवण्याच्या अगदी आधी पृष्ठभाग स्पिरिटनं पुसावा लागतो. बीच, मेपल, ओक यांपैकी जे सुकं आणि सरळ रेषांचं मिळेल ते घ्या. फार कठीण लाकडाच्या मागे मात्र लागू नका. ओरखडा उठायचाच असेल तर तो बेंचवर उठावा, त्यावर ठेवलेल्या कामावर नव्हे.

आता तुम्ही न विचारलेली पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वरचा भाग पायांना चारी बाजूंनी स्क्रूनं जखडू नका. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. ६० सेंटिमीटर रुंद भाग, लाकडातला ओलावा चार-पाच टक्क्यांनी बदलला तर, जातीनुसार ५ ते १० मिलिमीटर वाढतो-आकसतो. जखडलात तर तो चिरेल, नाहीतर पायच फाकवेल. पुढच्या पायांवर खुंट्या घट्ट बसवा, मागच्या पायांवर भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट ठेवा. मग सगळी हालचाल मागे जाते आणि पुढची कड पायांशी एका रेषेत राहते. ती तशी हवीच, कारण दाराची चौकट किंवा लांब फळी उभी लावायची तर कड आणि पाय दोन्हींचा आधार लागतो.

प्रश्न : व्हाइस, म्हणजे लाकूड पकडायचा शिकंजा, एक लावू की दोन?

आधी एकही नको. वरच्या भागाला एका टोकाशी खाली-वर सरकणारा लाकडी अडण (रंधा मारताना फळी त्याला टेकते) आणि होल्डफास्टसाठी, म्हणजे काम बेंचवर दाबून धरणाऱ्या लोखंडी आकड्यासाठी, १९ मिलिमीटरची चार-पाच भोकं एवढ्यावर बरंच काम होतं. महिनाभर काम करा, म्हणजे व्हाइस कुठे हवा ते तुमचं तुम्हालाच कळेल.

प्रश्न : बेंच तयार झालं. पॉलिश कोणतं करू?

पॉलिश नकोच, चकचकीत बेंचवर काम घसरतं. आधी पीळ आहे का पाहा : दोन सरळ पट्ट्या दोन टोकांना आडव्या ठेवून एकीच्या कडेवरून दुसरीकडे नजर टाका, दोन्ही कडा समांतर दिसल्या नाहीत तर पीळ आहे. पीळ असेल तर रंध्यानं काढा, मग उकळलेल्या जवस तेलाचा पातळ हात द्या. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून वाळू द्या, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.