पाहुण्यासाठी दुसरा कप

प्रश्न : माझ्या भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी अकरा मिनिटांचा एक लघुपट तयार केला आहे. त्यात कोणीही एक शब्द बोलत नाही. दांडिया बाजारातील जुन्या वाड्यात एकटे राहणारे एक निवृत्त गृहस्थ रोज संध्याकाळी दारात चपलांचा दुसरा जोड काढून ठेवतात, दोन कप चहा करतात आणि पडद्याआड एका उशीला कोट व टोपी घालून तिच्याशी हातवारे करीत गप्पा मारतात, म्हणजे समोरच्या बिऱ्हाडाला वाटावे की यांच्याकडे पाहुणे आले आहेत. एकदा समोरच्या बाई विरजण मागायला येतात, सारा प्रकार पाहतात, आणि काही न बोलता उशी अलगद बाजूला ठेवून त्या खुर्चीवर बसतात व गार झालेला चहा पितात. आम्ही पोट धरून हसलो आणि शेवटी माझे डोळे भरून आले. आमच्या सोसायटीच्या कोजागरीला गच्चीवर तो दाखवायचा आहे. ज्येष्ठांना नीट कळावे म्हणून निवेदन जोडावे, असे काहींचे म्हणणे आहे. माझ्या दिरांना तर एकट्या म्हाताऱ्याला हसणे हाच निर्दयपणा वाटतो. आपले मत काय?
— एक वाचक भगिनी, बडोदे

उत्तर : आपल्या दिरांचा आक्षेप मी आधी घेतो, कारण तो मनाच्या चांगुलपणातून आला आहे आणि त्याचे उत्तर मिळाले की निवेदनाचा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो.

आपल्या भाषेत ढोंग आणि सोंग असे दोन शब्द आहेत. ढोंग करणाऱ्याला समोरच्याकडून काहीतरी काढून घ्यायचे असते. सोंग मात्र बहुरूपी आणतो, भारुडात आणले जाते, आणि ते वठवण्यासाठी माणूस जी मेहनत घेतो तिच्यावर आपण प्रेम करतो. आपल्या लघुपटातील गृहस्थ कोणाला लुबाडत नाहीत. शेजाऱ्यांनी आपली कीव करू नये एवढ्यासाठीच त्यांची सारी धडपड आहे. उशीच्या डोक्यावरची टोपी घसरते आणि ते ती घाईघाईने नीट करतात, तेव्हा आपल्याला हसू येते ते त्या जपणुकीचे, त्यांच्या एकटेपणाचे नव्हे. हा फरक प्रेक्षकाला सांगावा लागत नाही. अट एवढीच की गुपित शेजाऱ्यांच्या आधी प्रेक्षकाला कळलेले असावे. आपण सांगितलेल्या क्रमावरून ते तसेच आहे, आणि म्हणूनच बाई दारात येतात तेव्हा आपण त्या गृहस्थांच्या बाजूने घाबरतो.

चार्ली चॅप्लिनच्या १९२५ सालच्या ‘द गोल्ड रश’ या मूकपटात याच जातीचा एक प्रसंग आहे. वर्षाच्या अखेरच्या रात्री तो एका तरुणीला आणि तिच्या मैत्रिणींना जेवायला बोलावतो, मेज मांडतो, भेटवस्तू ठेवतो. कोणीच येत नाही. वाट पाहता पाहता त्याचा डोळा लागतो, आणि स्वप्नात तो पाहुण्यांना दोन काट्यांना टोचलेल्या पावांचा नाच करून दाखवतो. तो नाच जगभर गाजला. मात्र पावांना असे नाचवण्याची कल्पना अमेरिकी विनोदी नट रॉस्को आर्बकल यांनी १९१७ सालीच पडद्यावर आणली होती. मग चॅप्लिनचाच नाच का लक्षात राहिला? माझ्या मते, तो ज्यांच्यासाठी नाचवला गेला ती माणसे तेथे नव्हतीच, म्हणून. आपल्या भाच्याची उशी त्याच मेजावरची आहे, आणि हे मी मनापासून कौतुकाने लिहीत आहे.

आता निवेदन. याच चित्रपटाला १९४२ साली चॅप्लिनने दृश्यांच्या मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या काढून टाकून स्वतःच्या आवाजातील निवेदन जोडले. दोन्ही आवृत्त्या आज पाहता येतात, आणि हा प्रसंग दोन्हींत पाहावा, असा माझा आग्रह आहे. निवेदक स्वतः चॅप्लिन असूनही मला मूळ निःशब्द रूपच अधिक भिडते, कारण तेथे त्या माणसात आणि माझ्यात तिसरे कोणी नसते. आपल्या लघुपटात तर धोका अधिक आहे. ‘हे गृहस्थ एकाकी होते’ असे निवेदकाने सांगितले, की जे त्यांनी अकरा मिनिटे जिवापाड झाकले तेच आपण सोसायटीपुढे उघडे करतो. शेजारच्या बाईंनी दाखवलेला समंजसपणा तेवढा तरी आपणही दाखवावा.

ज्येष्ठांना कळणार नाही, ही भीती मला पटत नाही. दादासाहेब फाळके आपल्याच बडोद्याच्या कलाभवनात शिकले, आणि १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा प्रेक्षकांत पाट्या न वाचता येणारे असंख्य लोक होते. चित्र पाहून अर्थ लावण्याची सवय आपल्या आजोबांच्या पिढीला आपल्यापेक्षा अधिक होती.

शब्द नकोत म्हणजे आवाजही नको, असे मात्र नाही. ‘पुष्पक’ (१९८७) आपण पाहिला असेल. सिंगीतम श्रीनिवास राव यांच्या या चित्रपटात संवाद नाहीत, तरी तो आवाजांनी भरलेला आहे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. कमल हासनचा बेकार तरुण नेमके तेच सोंग आणून बड्या हॉटेलात राहू लागतो, आणि तेथील शांततेत त्याला झोप येईना म्हणून आपल्या वस्तीतल्या सिनेमागृहाचा गोंगाट टेपवर भरून आणून उशाशी लावतो. कितीही बोलून त्याचे परकेपण इतके स्पष्ट झाले नसते. आपल्या भाच्यालाही कपबशीचा, स्टोव्हचा, दारावरच्या कडीचा आवाज जरूर ठेवायला सांगा. पार्श्वसंगीत हवेच असेल तर एकटी पेटी पुरे. मूकपटांच्या काळात आपल्याकडील थिएटरांत पेटी-तबला प्रत्यक्ष वाजत असे. सोसायटीत कोणी वाजवणारे असल्यास तसेच करावे, पण बाई खुर्चीवर बसल्यानंतर वादन थांबवावे.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. कोजागरीच्या रात्री उघड्या गच्चीवर चांदण्यामुळे पांढरा पडदा फिका पडतो, आणि आपल्या लघुपटातील मजा बरीचशी खिडकीच्या पडद्यावर पडणाऱ्या उशीच्या सावलीत आहे. ती सावली दिसलीच पाहिजे. म्हणून खेळ आधी खाली सभागृहात, दिवे मालवून करावा आणि मसाला दुधासाठी मग सर्वांनी गच्चीवर जावे. शेवटी बाई कप खाली ठेवतात, त्यानंतर कोणीतरी उठून लगेच दिवे लावील आणि आभार मानू लागेल. त्यांना आधीच सांगून ठेवा की अर्धा मिनिट थांबायचे आहे.