‘सुधार’ की ‘सुधारणा’?

मुलुंडच्या एका वाचकांनी भारताच्या राज्यकारभारावरील लेखाचा अनुवाद करताना अडलेले एक वाक्य पाठवले आहे : ‘१९९१ नंतर भारतात मोठे सुधार झाले, पण शासन सुधारले नाही.’ ‘सुधार’ मराठीत चालतो का, असा त्यांचा प्रश्न आहे.

स्वतंत्र नाम म्हणून ‘सुधार’ वापरू नये, असे माझे मत आहे. हिंदीतला ‘प्रशासनिक सुधार आयोग’ मराठीत ‘प्रशासकीय सुधारणा आयोग’ होतो आणि आपली इतिहासाची पुस्तकेही १९०९ च्या ‘मोर्ले-मिंटो सुधारणा’च शिकवतात. मात्र समासाचे पहिले पद म्हणून ‘सुधार’ मराठीत पुरता रुळला आहे. ‘सुधारगृह’, ‘नागपूर सुधार प्रन्यास’ आणि खुद्द मुंबई महानगरपालिकेची ‘सुधार समिती’ ही त्याची उदाहरणे आहेत, तेव्हा या नावांना हात लावण्याचे कारण नाही. खटकतो तो ‘सुधारांना गती’ अशा मथळ्यांतला, हिंदीतून जसाच्या तसा उचललेला सुधार.

पण ‘सुधारणा’ हा शब्द निवडण्याचे याहून मोठे कारण त्याच्या वचनात आहे, आणि तिकडे आपले फारसे लक्ष जात नाही. रुग्णालयाच्या दाराशी डॉक्टर ‘प्रकृतीत सुधारणा आहे’ असे सांगतात, तेव्हा शब्द एकवचनी असतो, त्याच्या आधी सप्तमी येते आणि अर्थ होतो प्रत्यक्ष आलेला फरक. ‘आर्थिक सुधारणा’, ‘निवडणूक सुधारणा’ या अनेकवचनी प्रयोगांत मात्र अर्थ असतो सरकारने योजलेले उपाय. उपाय झाले म्हणून फरक पडतोच असे नाही, आणि भारताच्या राज्यकारभाराचा सगळा पेच याच फटीत आहे.

मुंबईचेच पाहावे. शहरांच्या स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान देणारी ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली, बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय नोंदले गेले आणि प्रभाग समित्याही स्थापन झाल्या. तरीही १८८८ च्या अधिनियमानुसार चालणाऱ्या महापालिकेत कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडेच राहिले, महापौरांकडे कायमचे आले नाहीत. सुधारणा झाल्या, पण नगरसेवकाला मत देणाऱ्या नागरिकाच्या अधिकारात तितकी सुधारणा झाली नाही. दुसरे उदाहरण या वाचकांच्या घराजवळचे आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईत येणाऱ्या मालावरची जकात गेली आणि मुलुंड नाक्यावरची ट्रकांची रांग नाहीशी झाली. येथे एकवचनी सुधारणा डोळ्यांना दिसते. पण त्याच दिवशी महापालिकेचे उत्पन्नाचे सर्वांत मोठे साधन गेले आणि ती राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहिली, हेही त्याच शब्दाच्या पोटात आहे.

आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. विधेयकांच्या नावांत कंसात येणारी ‘सुधारणा’ ही निव्वळ कायद्यातील फेरबदल असते, त्यातून स्थिती सुधारेल असे आश्वासन त्यात नसते. राज्यघटनेच्या बाबतीत आपण ‘दुरुस्ती’ म्हणतो, म्हणून तेथे घोटाळा टळतो. एकोणिसाव्या शतकात तर ‘सुधारलेली राष्ट्रे’ म्हणजे प्रगत राष्ट्रे असा अर्थ होता आणि आगरकरांनी १८८८ मध्ये पत्र काढले त्याचे नाव ‘सुधारक’ होते. तेव्हा शब्दाचा रोख कायद्यापेक्षा माणसाच्या वागण्याकडे अधिक होता, आणि तो अर्थ आपण गमावू नये असे मला मनापासून वाटते.

राहिला ‘शासन’. महाराष्ट्रात कागदोपत्री ‘शासन’ म्हणजे सरकार, त्यामुळे ‘शासन सुधारले नाही’ हे वाक्य मंत्रालयातल्या माणसांवरचा शेरा वाटते. येथे ‘राज्यकारभार’ हवा. मी ते वाक्य असे लिहीन : ‘१९९१ नंतर भारतात मोठ्या आर्थिक सुधारणा झाल्या, पण राज्यकारभारात तेवढी सुधारणा झाली नाही.’