आरोपीची जबरदस्तीने नार्को टेस्ट करता येते का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य खटल्यात हे स्पष्ट केलं: नार्को (गुंगीचं औषध देऊन प्रश्न विचारणं), पॉलिग्राफ (खोटं पकडण्याची चाचणी), ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची चाचणी) यांपैकी काहीही संमतीशिवाय नाही. संमतीही पोलिसांपुढे नव्हे, मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवावी लागते. आधार राज्यघटनेचं कलम 20(3): आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही.

संमतीने टेस्ट झाली तरी गुंगीतलं बोलणं पुरावा ठरत नाही. टीव्हीवाले ‘नार्कोत कबुली’ म्हणून नाचतात, ते सोडा! मात्र त्या माहितीवरून हत्यार सापडलं, तर ते पुराव्यात येऊ शकतं. खरी गोम इथेच आहे. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना यांना हे संरक्षण नाही. ते मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड खटल्यात 1961 मध्ये ठरलं.