ता.क.मध्ये दडलेला प्रश्न

डिचोलीच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३९, हार्डवेअरचं दुकान, पत्नी, दोन मुलं, बँकेत १२ लाखांची एफडी. विचारलंय एवढंच: युलिपचा (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीचा) दोन लाखांचा तिसरा वार्षिक हप्ता भरू का? एजंट म्हणतो, पाच वर्षांत दुप्पट.

दरवर्षी दोन लाख भरून पाचव्या वर्षाअखेर दहाचे वीस व्हायला वर्षाला साधारण २४ टक्के परतावा लागतो. एजंटाला तो खात्रीने मिळत असता तर तो पॉलिसी विकत फिरला नसता. हप्ता भरू नका. तिसऱ्या वर्षी बंद केल्याची कपात जास्तीत जास्त ४,००० रुपये. बाकी पैसे पाच वर्षं पुरी झाल्यावर मिळतील.

आता ता.क.कडे वळतो, कारण खरं पत्र तिथे आहे. वडील पॉलिसिस्टिक किडनीमुळे, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी होण्याच्या आनुवंशिक आजारामुळे, डायलिसिसवर. काका ४४व्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत तुमच्याही किडनीत गाठी दिसल्या. डॉक्टरांनी मेंदूची एमआर अँजिओग्राफी (धमन्या दाखवणारा एमआरआय) सांगितली, ती तुम्ही टाळताय, ‘रेकॉर्डवर येईल’ म्हणून. आणि १४ महिन्यांपूर्वी घेतलेल्या दहा लाखांच्या मेडिक्लेमच्या फॉर्मवर एजंटाने किडनीच्या आजारापुढे ‘नाही’ लिहिलं. सही तुमची.

अहो, रेकॉर्ड सोनोग्राफीच्या दिवशीच झालं! दवाखान्यात भरती झालात की कंपनी पहिला कागद तोच मागवणार. ‘पाच वर्षांनी कंपनी काही विचारू शकत नाही’ हे एजंटाचं अर्धसत्य आहे. ६० महिन्यांनंतरही फसवणुकीला माफी नाही. खरं लिहिलं असतं आणि कंपनीने पॉलिसी दिली असती, तर आधीच्या आजाराचा क्लेम मिळायला प्रतीक्षा फार तर ३६ महिन्यांची, आणि त्यातले १४ आज जमेला असते. आज तुमच्याकडे मेडिक्लेम आहे असं मी धरतच नाही.

या आजारात मेंदूच्या धमनीला फुगा येण्याचं प्रमाण शंभरात दहाच्या आसपास असतं, इतरांत दोन-तीन. घरात कुणाला असा रक्तस्राव झाला असेल तर ते आणखी वाढतं. फुगा फुटला तर बरेच जण वाचत नाहीत. आधी सापडला आणि लहान असला तर अनेकदा नुसती नजर ठेवतात, रक्तदाब आवळून धरतात, तंबाखू सोडायला लावतात. ही तपासणी शिरेत रंगद्रव्य न टोचताही होते, त्यामुळे किडनीला धक्का नाही. खर्च खासगीत दहा हजारांच्या आसपास. दोन लाखांच्या हप्त्यासमोर दहा हजार.

म्हणून याच आठवड्यात तपासणीची तारीख घ्या. सोनोग्राफीचा रिपोर्ट जोडून विमा कंपनीला स्वतः पत्र लिहा, एजंटाच्या हाती देऊ नका. कंपनी हप्ता वाढवेल, कदाचित पॉलिसी रद्दही करेल. करू दे. क्लेमच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं स्वस्त. युलिपच्या फॉर्मवरही तोच ‘नाही’ असेल, तर त्यातल्या २० लाखांच्या विम्यावर घर चालेल असं पत्नीला सांगू नका.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड ‘नूतनीकरण राहिलंय’ असं सहज लिहून गेलात. चौघांच्या कुटुंबाला वर्षाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण तुम्ही नुसत्या आळसापायी सोडलंय. कार्ड चालू करा आणि कुठले उपचार यादीत बसतात ते बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाऊन विचारा.

एफडीतले आठ लाख उपचारांसाठी वेगळे काढा, त्यांना दुकानाच्या मालासाठी हात लावायचा नाही. वाचलेल्या हप्त्यातून दीड-दोन हजारांचं बीपीचं मशीन घ्या आणि गल्ल्याशेजारी ठेवा.