घोटा फ्रॅक्चरनंतर झिजलाय. एमआरआय करू का? आणि सांधा फ्यूज करावा (हाडं कायमची एकत्र जोडावी) की बदलावा?

आधी उभं राहून, पायावर वजन देऊन एक्स-रे काढा. झोपून काढलेल्यात सांध्यातली फट बरी दिसते. उभं राहिल्यावर हाडाला हाड टेकलेलं आणि घोटा कलंडलेला कळतो. एमआरआय कूर्चा आणि टॅलसचा (घोट्यातल्या खालच्या हाडाचा) रक्तपुरवठा पाहायला, सीटी हाड वाकडं जुळलंय का ते पाहायला.

एकच बाजू झिजली असेल तर नडगीचं हाड कापून सरळ करता येतं. हा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारा, सांधा वाचतो. पूर्ण झिजलेल्या घोट्यात तरुण, अंगमेहनतीच्या माणसाला फ्यूजन टिकाऊ. मात्र खालच्या सांध्यावर ताण वाढतो. वय जास्त, धावपळ कमी, हाड चांगलं असेल तर कृत्रिम सांधा. फ्यूजनआधी सिगारेट सोडाच, नाहीतर हाड न जुळण्याचा धोका वाढतो.